भरल्या ताटावरून

आमच्या घरी भरल्या ताटावरून उठण्याची सक्त मनाई होती. रुसवा असो, राग असो, दारात कोणी हाक मारो. पानात वाढलेले संपवावे, उत्तरापोशन घ्यावे आणि मगच उठावे, असा आईचा दंडक होता. आम्हां भावंडांपैकी कोणी तणतणत उठलेच, तर ती रागावत नसे. ते ताट तसेच झाकून ठेवी आणि संध्याकाळी पुन्हा समोर मांडी. “अन्न वाट पाहतं रे,” एवढेच म्हणे. तिच्या त्या वाक्याचा अर्थ मला सत्तरी ओलांडल्यावर उमगला, आणि तोही एका जपानी लढवय्यामुळे. हे वाचून कोणाला हसू आले तर मी रागावणार नाही.

झाले असे, की माझा नातू येथेच इंदूरात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन वर्षांपासून तो किकबॉक्सिंगच्या क्लासला जातो. अंगाला व्यायाम होतो, म्हणून कोणी हरकत घेतली नव्हती. परंतु गेल्या वर्षी त्याने एके दिवशी जेवताना जाहीर केले, की आपण स्पर्धेत उतरणार. सूनबाईंच्या हातातली वाटी तशीच राहिली. मुलगा रात्री माझ्या खोलीत आला आणि दार लोटून म्हणाला, “बाबा, तुम्हीच त्याला समजवा. तुम्ही नाही का वेळेवर कुस्ती सोडली? तुमचं तो ऐकेल.”

मी वेळेवर कुस्ती सोडली, ही आमच्या घराण्यातली एक प्रतिष्ठित कथा आहे. बाविसाव्या वर्षी अखाड्याचा नाद सोडून मी बँकेच्या परीक्षेला बसलो, नोकरीला लागलो, संसार केला. शहाण्या मुलाने कसे वागावे याचा दाखला म्हणून ही कथा दोन पिढ्यांना सांगितली गेली आहे. तेव्हा त्या रात्री मी समाधानाने म्हणालो, “पाठव त्याला माझ्याकडे.”

नातू आला. माझे उपदेशाचे पहिले वाक्य जुळते आहे तोच तो म्हणाला, “आजोबा, आधी एक माणूस दाखवतो. मग काय सांगायचं ते सांगा.” आणि त्याने आपला फोन माझ्या चष्म्यासमोर धरला.

त्या माणसाचे नाव गेन्की सुदो. जपानी भाषेत ‘गेन्की’ म्हणजे उत्साही, ठणठणीत. १९७८ च्या मार्चमध्ये तोक्योला जन्मलेला हा गृहस्थ किकबॉक्सिंगच्या आणि मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या रिंगणात लढत असे. या दुसऱ्या प्रकाराचे नाव लांबलचक असले तरी मर्म सोपे आहे: ठोसा, लाथ, कुस्तीची पकड आणि जमिनीवर पाडल्यानंतरचे पेच, सारे एकाच लढतीत चालते.

खरे सांगायचे तर पहिल्या दर्शनात मला तो मुळीच आवडला नाही. आमच्या अखाड्यात पाऊल टाकताना मारुतीला हात जोडावे, माती कपाळी लावावी, उस्तादांच्या पायांना हात लावावा, असा रिवाज होता. हा मनुष्य मात्र रिंगणाकडे नाचत येत होता. अंगावर चित्रविचित्र पोशाख, मागेपुढे नर्तकांचा ताफा, यंत्राच्या बाहुलीसारखे अडखळणारे हातपाय. लळितातले सोंग असावे तसा सारा प्रकार. मी म्हणालो, “हा लढायला आला आहे की तमाशाला?” नातू म्हणाला, “बघा तर खरं.”

लढत सुरू झाली आणि हा गृहस्थ प्रतिस्पर्ध्याकडे चक्क पाठ करून उभा राहिला! आपल्याकडे पाठ दाखवणे म्हणजे पळ काढणे. येथे तसे नव्हते. पाठ पाहून समोरचा क्षणभर गोंधळला आणि तेवढ्यात हा गर्रकन वळला. वळता वळता त्याच्या मुठीची मागची बाजू हवा कापीत गेली. तेव्हा मात्र मी चष्मा पुसला आणि सावरून बसलो. सोंगाच्या आत पहिलवान होता. त्याचा पायांवरचा तोल आणि खाली घुसून पट काढण्याची वेळ पाहिली, की ज्याने थोडी तरी माती अंगाला लावली आहे त्याला ते ओळखू येते. नातवाने मग सांगितले, की सुदो शाळेपासूनचा कुस्तीगीर. पुढे तो अमेरिकेत कॅलिफोर्नियाला गेला, तेथे जिउ-जित्सू शिकला आणि परत येऊन लढतींत उतरला.

जपानला या खेळाचे वेड कसे लागले, हेही त्या निमित्ताने मी जाणून घेतले. आमच्या पिढीला जपानी मल्ल म्हटले की आंतोनियो इनोकी आठवतो. १९७६ च्या जूनमध्ये तोक्योला तो मुहम्मद अलीशी १५ फेऱ्या लढला आणि लढत बरोबरीत सुटली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याने कराचीला गामांचा पुतण्या अक्रम पहिलवान याला हरवले, तेव्हा आमच्या अखाड्यातही बरीच चर्चा झाल्याचे मी ऐकले होते. परंतु त्याही आधी, १९६६ च्या सुमारास, ओसामु नोगुची नावाच्या एका आयोजकाने थायलंडच्या मुष्टियुद्धाची कराटेशी सांगड घालून जो खेळ उभा केला, त्यालाच त्याने ‘किकबॉक्सिंग’ हे नाव दिले. तादाशी सावामुरा हा त्या खेळाचा पहिला लोकप्रिय वीर. पुढे १९९३ मध्ये कराटेचे एक शिक्षक काझुयोशी इशी यांनी ‘के-वन’ नावाच्या स्पर्धा सुरू केल्या आणि या खेळाला मोठमोठी मैदाने अपुरी पडू लागली.

सुदोचा काळ हा त्या वेडाच्या ऐन भराचा काळ. ३१ डिसेंबरच्या रात्री जपानी कुटुंबे दूरचित्रवाणीसमोर बसून ‘कोहाकु’ हा गाण्यांचा कार्यक्रम पाहतात, ही तेथली जुनी प्रथा. परंतु २००३ च्या त्या रात्री तीन वाहिन्या एकाच वेळी लढती दाखवीत होत्या. नागोयाच्या मैदानावर सुमोचा माजी महाविजेता आकेबोनो आणि बॉब सॅप यांची झुंज चालली असताना तर काही मिनिटे देशाने गाण्यांकडे पाठ फिरवली आणि लढतीचा प्रेक्षक ‘कोहाकु’च्या पुढे गेला. त्याच रात्री, त्याच रिंगणात, सत्तर किलोंच्या आसपास वजनाचा आपला सुदो दीडशे किलोंहून अधिक वजनाच्या ‘बटरबीन’ नावाच्या अमेरिकन मुष्टियोद्ध्यापुढे उभा होता. हत्तीपुढे खार म्हणावी असे ते दृश्य. तो पळाला, उडाला, अंगावर झेपावला, आपटला. आणि दुसऱ्या फेरीत त्या महाकाय देहाचा एक पाय हाती येताच टाच बगलेत धरून असा पिळला, की पर्वताने हार कबूल केली. मी नातवाला म्हणालो, “पुन्हा लाव.” उपदेश तेथेच बाजूला राहिला.

मग पुढचे आठ-दहा दिवस रात्रीची जेवणे झाली की आमची बैठक बसू लागली. २००२ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधला त्याचा विजय पाहिला. २००३ मध्ये मायामीला त्याच्यावर झालेला अन्यायही पाहिला: ड्वेन लुडविग याला त्याने खाली दाबून धरले असता पंचांनी जखम तपासण्यासाठी लढत थांबवली आणि मग दोघांना उभे करून पुन्हा सुरू केली, निकाल थोडक्यात सुदोच्या विरुद्ध गेला. २००४ च्या मे महिन्यात ब्राझीलच्या विख्यात ग्रेसी घराण्यातल्या रॉयलरला त्याने ठोशांनी पाडले. २००५ च्या मार्चमध्ये रॅमॉन डेकर्स या हॉलंडच्या थोर मुष्टियोद्ध्याचा पाय त्याने बटरबीनप्रमाणेच अडकवला. के-वनच्या निव्वळ किकबॉक्सिंगमध्ये मात्र पकडीला मज्जाव. तेथे त्याचे अर्धे बळ बांधलेले असे. तरी तो तेथेही उतरला आणि पराभव पचवून आला.

जिंकल्यावर तो एक मोठे निशाण उलगडून दाखवी. त्यावर अनेक देशांचे ध्वज आणि ‘आपण सारे एक आहोत’ या अर्थाचे इंग्रजी शब्द. ज्याला आत्ताच आडवा पाडला त्याच्यासमोर हे निशाण! प्रथम मला त्यातही नाटकच दिसले. परंतु लढत संपल्यावर हरलेल्याजवळ जाऊन त्याला हात देण्याची त्याची रीत पाहिली आणि वाटले, की माती झटकून प्रतिस्पर्ध्याला आलिंगन देणारे आमचे जुने मल्ल याहून वेगळे काय सांगत होते?

यानंतर नातवाने मला ती लढत दाखवली, जिच्यासाठी मी हा लेख लिहितो आहे.

३१ डिसेंबर २००५, ओसाका. ‘हीरोज’ नावाच्या स्पर्धेचा अंतिम सामना. सुदोसमोर नोरिफुमी यामामोतो. ‘किड’ म्हणून सारा जपान त्याला ओळखत असे. सुदोप्रमाणेच तोही मुळात कुस्तीगीर, पण विजेसारखा चपळ आणि हाताला जड. पहिल्याच फेरीत किडचा ठोसा लागला, सुदो कोसळला, किड त्याच्यावर तुटून पडला आणि पंचांनी मध्ये पडून लढत थांबवली. सुदो लगोलग उठला व हातवारे करून सांगू लागला, की मी शुद्धीवर आहे, मी लढू शकत होतो. पंचांनी घाई केली असे त्याला वाटले, इतर अनेकांनाही वाटले. पण निकाल तो निकाल.

नातू पुढे सरकणार तेवढ्यात मी त्याचा हात धरला. “थांब जरा,” म्हणालो. मला तहान लागली होती असे मी सांगितले. ते खरे नव्हते.

पुढची हकीकत मी दुसऱ्या रात्री पाहिली. त्या पराभवानंतर सुदो लढणे सोडून गेला नाही. २००६ च्या मे महिन्यात ओले लॉर्सन याच्याविरुद्ध उतरून तो जिंकला. आणि बरोबर एक वर्षाने, ३१ डिसेंबर २००६ च्या रात्री, त्याच ओसाकाच्या मैदानावर डमासियो पेज या प्रतिस्पर्ध्याची मान व हात आपल्या पायांच्या त्रिकोणात आवळून त्याने पहिल्याच फेरीत विजय मिळवला. मग तेथेच, रिंगणात उभे राहून, त्याने जाहीर केले, की ही आपली शेवटची लढत. लोकांना खरेच वाटेना. वय अवघे २८. मिक्स्ड मार्शल आर्ट्समध्ये १६ विजय, ४ पराभव आणि एक बरोबरी. कीर्ती ऐन भरात. सारे म्हणाले असतील, की हा भरल्या ताटावरून उठला.

पुढे त्याने काय केले नाही? २००८ मध्ये ताकुशोकु विद्यापीठात तो कुस्तीच्या संघाचा मार्गदर्शक झाला. पुस्तके लिहिली. २००९ मध्ये ‘वर्ल्ड ऑर्डर’ नावाचे नृत्यपथक काढले. कारकुनी सूट, टाय, चष्मा अशा वेशातली सात माणसे गजबजलेल्या रस्त्यांवरून यंत्रासारखी एका तालात चालतात, थबकतात, वळतात. रिंगणाकडे येतानाचा तो अडखळता नाच आठवला आणि माझ्या लक्षात आले, की ज्याला मी सोंग म्हणत होतो ते त्याचे दुसरे विद्याधन होते. मार्च २०११ मध्ये जपानवर भूकंपाचे व समुद्राच्या लाटांचे भीषण संकट कोसळले. त्यानंतर थोड्याच काळात या पथकाचे ‘मशीन सिव्हिलायझेशन’ हे नृत्य आले आणि त्यातून पुन्हा ‘आपण सारे एक’ हाच निरोप जगभर गेला. २०१९ मध्ये तो जपानी संसदेच्या वरिष्ठ सभागृहात निवडून आला. पुढच्याच वर्षी पक्षाशी मतभेद होऊन त्याने पक्ष सोडला. आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये, मुदत संपण्यापूर्वीच, ती जागा सोडून त्याने तोक्योमधून कनिष्ठ सभागृहाची पोटनिवडणूक लढवली आणि तो हरला. तेव्हा हा मनुष्य कोणी सिद्धपुरुष आहे असे माझे म्हणणे नाही. प्रत्येक वेळी तो योग्य क्षणीच उठला, असेही नाही. पण त्या एका बाबतीत, लढण्याच्या बाबतीत, त्याचे उठणे मला फार शिकवून गेले. त्याला हरवणारा किड यामामोतो २०१८ मध्ये, वयाच्या अवघ्या ४१ व्या वर्षी, कर्करोगाने गेला, हेही येथे सांगायला हवे. कोणाच्या ताटात किती वाढलेले असते हे कोणास ठाऊक!

सारे पाहून झाल्यावर नातू म्हणाला, “आजोबा, आता सांगा. पण त्याआधी एक विचारू? तुम्ही कुस्ती सोडलीत ती असंच जिंकून सोडलीत ना?”

त्या प्रश्नात खोच नव्हती. घरातली कथा त्याने जशी ऐकली होती तशीच तो विचारीत होता. मी बराच वेळ काही बोललो नाही. मग पन्नास वर्षांत जे कोणालाही सांगितले नव्हते ते त्या पोराला सांगितले.

ती १९७५ ची नागपंचमी. मी बावीस वर्षांचा. माझी कुस्ती जवळच्या एका गावातून आलेल्या पोराशी लागली होती. तो माझ्याहून हलका, कोवळा. उस्तादांनी बजावले होते, की त्याला कमी लेखू नकोस. मी कमी लेखले. चार-पाच मिनिटांत त्याने मला फिरवले आणि पंचांनी हात वर केला. माझा एक खांदा जमिनीला लागलाच नव्हता, असे मी ओरडून सांगितले. आजही मला तसेच वाटते. पण लोक हसत होते, आणि त्या हसण्यासमोर मला उभे राहवले नाही. मी घरी आलो, लांग खुंटीला टांगली आणि आईला सांगितले, की आता बँकेचा अभ्यास करतो. घरात आनंदीआनंद झाला. उस्ताद दोनदा दारी येऊन गेले. दोन्ही वेळा मी आतल्या खोलीत बसून होतो आणि बाहेर निरोप गेला, की तो घरी नाही. तिसऱ्यांदा ते आले नाहीत. पुढे रस्त्यात भेटले की मी नमस्कार करी, ते “सुखी राहा” म्हणत. ते वारले तेव्हा मी बदलीच्या गावी होतो.

“मी सोडली नाही रे,” मी नातवाला म्हणालो, “मी पळालो. आणि पळण्याला शहाणपण हे नाव दिलं. सगळ्यांनी ते मान्य केलं, म्हणून मलाही ते खरं वाटायला लागलं.”

बँकेच्या नोकरीबद्दल मला खंत नाही. तिने मला अन्न दिले, मुलांना शिक्षण दिले. कदाचित पुढच्या वर्षी मी असाही अखाडा सोडलाच असता. माझ्यात मोठा मल्ल होण्याचे काही होते असा माझा दावा नाही. प्रश्न तो नाहीच. सुदोवरही पंचांनी घाई केली होती, तोही हात हलवून ओरडला होता. मग त्याने एक वर्ष घेतले, पुन्हा मातीत पाय रोवले, पानात उरलेले संपवले आणि मग उठला. मी मात्र ताट लोटून उठलो. दुरून पाहणाऱ्याला दोन्ही उठणे सारखेच दिसते. फरक फक्त उठणाऱ्याला ठाऊक असतो. आणि त्यालाही, माझ्यासारखा असेल तर, पन्नास वर्षे तो झाकून ठेवता येतो.

दुसऱ्या दिवशी मी मुलाला व सूनबाईंना बसवून सारे सांगितले. मुलगा गप्प झाला. सूनबाईंनी विचारले, “मग त्याला जाऊ द्यायचं?” मी म्हणालो, “आधी डॉक्टरांना दाखवू. डोक्याला मार लागला तर त्या दिवशी लढत बंद. अभ्यास मागे पडता कामा नये. एवढं कबूल करून घेऊ. बाकी मला त्याला अडवण्याचा अधिकार राहिलेला नाही.” डोक्याला मार बसण्याची भीती खोटी नाही, हे मी जाणतो. आईच्या काळजीला माझ्याकडे उत्तर नव्हते, नाही. नातवाकडून मात्र मी एकच वचन मागितले: “सोडायचं तेव्हा खुशाल सोड. पण हरलेल्या रात्री ठरवू नकोस.”

स्पर्धा झाली. तो पहिल्याच फेरीत गुणांवर हरला. रात्री उशिरा घरी आला तेव्हा डाव्या डोळ्याखाली काळेनिळे झाले होते. कोणाशी बोलला नाही. सूनबाईंनी मुकाट्याने पान वाढले. तोही मुकाट्याने बसला. मी पलीकडे वर्तमानपत्र धरून होतो, पण एक ओळही वाचीत नव्हतो. तो सावकाश जेवला. शेवटचा भात कालवला, संपवला, हात धुतला आणि झोपायला गेला.

म्हातारपणी पहाटेची झोप तशीही नसते. साडेपाचच्या सुमारास बाहेरच्या दाराची कडी हलकेच वाजली. कोणाची झोप मोडू नये अशा बेताने त्याने ती काढली होती. खिडकीतून पाहिले तो खांद्यावर पिशवी टाकून तो क्लासच्या दिशेने चालला होता. जरा लंगडत होता. मी पडदा सोडला आणि आईची आठवण झाली. तिला आज ताट झाकून ठेवावे लागले नसते.